सोनं, सोमल आणि सुरमा : धातूचं औषध कधी, विष कधी?



“ताई, सोन्यापासून जुलाबाचं औषध निघालंय म्हणे, खरं का?” असा प्रश्न एका बैठकीत आला. उत्तर अर्धं ‘हो’ आहे आणि अर्धं ‘थांबा’. दोन्ही अर्धी समजून घेऊया, कारण आपल्या वस्त्यांमध्ये आणि पाड्यांवर भस्माच्या पुड्या विकणारेही येतात.

परजीवी म्हणजे कोण?

दुसऱ्याच्या शरीरात राहून त्याच्या जिवावर जगणारा जीव म्हणजे परजीवी. मलेरियाचा जंतू, आव पाडणारा अमिबा, पोटातले जंत हे सगळे परजीवीच.

आपल्यातल्या कितीतरी जणींचं गाव कोकणात आहे. रत्नागिरी जिल्ह्यात गुहागर तालुक्यातल्या गिमवी गावात 1952 साली गाडगीळ आणि शहा या डॉक्टरांनी एक वेगळाच आजार दाखवून दिला. लघवीतून रक्त जायचं. हा जंत गोगलगायीच्या अंगात वाढतो, तिथून पाण्यात येतो आणि पाण्यात उतरलेल्या माणसाच्या कातडीतून आत शिरतो. त्या काळी जगभर या आजारावर अँटिमनी या धातूची इंजेक्शनं देत. अँटिमनीच्या खनिजापासून पूर्वी सुरमा करायचे. आता या आजारावर धातू नसलेली साधी गोळी आहे.

धातू जंतूला मारतो कसा?

जंतूच्या शरीरात त्याला जिवंत ठेवणारी काही प्रथिनं असतात. धातूचे कण त्यांना चिकटून बसतात. कुलपात माती भरली की किल्ली फिरत नाही, तसं जंतूचं काम बंद पडतं. पण तशीच प्रथिनं आपल्याही शरीरात असतात. म्हणून मात्रा थोडी चुकली तरी आपल्यालाच अपाय होतो.

कोलकात्याच्या डॉ. उपेंद्रनाथ ब्रह्मचारींनी 1920 च्या दशकाच्या सुरुवातीला अँटिमनीपासून ‘युरिया स्टिबामाइन’ हे काळा आजारावरचं औषध तयार केलं. त्याने असंख्य जीव वाचले. पण अँटिमनीच्या औषधांचा हृदयावर परिणाम होऊ शकतो, आणि पुढे बिहारमध्ये जंतू त्यांना दाद देईनासे झाले. आफ्रिकेतल्या निद्रारोगावर सोमलापासून केलेलं औषध वापरत. ते घेणाऱ्या साधारण 20 पैकी एका रुग्णाचा त्या औषधानेच मृत्यू व्हायचा.

इजिप्तमध्ये तर वेगळंच घडलं. गिमवीत सापडला त्याच जातीच्या आजारासाठी तिथे गावोगावी अँटिमनीची इंजेक्शनं दिली. सुया नीट निर्जंतुक न करता पुन्हा वापरल्या आणि लाखो लोकांना हिपॅटायटिस सी, म्हणजे लिव्हरचा आजार लागला. औषध जंतावर चाललं, पण सुईने घात केला.

मग सोन्याचं काय?

‘ऑरानोफिन’ नावाची सोन्याची गोळी संधिवातासाठी 1985 पासून अमेरिकेत मान्य आहे. 2012 मध्ये तिथल्या शास्त्रज्ञांना दिसलं की ती आव पाडणाऱ्या अमिबालाही मारते. पण हे प्रयोगशाळेत आणि प्राण्यांमध्ये दिसलं. जुलाबाचं औषध म्हणून ती अजून मान्य नाही. मलेरियासाठी लोह जोडलेलं ‘फेरोक्विन’ हे औषधही माणसांवर तपासून झालंय, पण बाजारात आलेलं नाही.

म्हणजे संशोधन खरं आहे. पण त्याचा अर्थ दागिना उगाळून प्यावा किंवा भस्म चाटावं असा नाही. 2008 मध्ये छापून आलेल्या एका अमेरिकन तपासणीत, इंटरनेटवरून घेतलेल्या आयुर्वेदिक औषधांपैकी साधारण पाचव्या हिश्श्यात शिसं, पारा किंवा सोमल सापडला होता. शिशाने लहान मुलांच्या मेंदूवर परिणाम होतो आणि गरोदर बाईकडून ते पोटातल्या बाळापर्यंत पोचतं.

आपण काय करायचं?

• ताप आला की आधी रक्त तपासा. महापालिकेच्या दवाखान्यात किंवा आरोग्य केंद्रात मलेरियाची तपासणी मोफत होते.

• व्हायवॅक्स मलेरियात 3 दिवसांच्या गोळ्यांनंतरही प्रायमाक्विन एकूण 14 दिवस घ्यावं लागतं, कारण जंतू लिव्हरमध्ये लपून बसतो. कर्जाचा शेवटचा हप्ता राहिला तर खातं बंद होत नाही, तसंच हे. गरोदर असाल किंवा बाळ अंगावर पीत असेल तर आधी डॉक्टरांना सांगा. गोळ्या चालू असताना लघवी काळपट झाली तर लगेच दवाखाना गाठा.

• बिहार किंवा झारखंडहून आलेल्या कुणाला दोन आठवड्यांपेक्षा जास्त ताप असेल, तर काळा आजाराची तपासणी करायला सांगा.

• इंजेक्शन घेताना सुई नवीन आहे ना, पाकीट आपल्यासमोर फोडलं ना, हे बघा. विचारायला लाजू नका.

• लेबल नसलेली पुडी किंवा भस्म घेऊ नका, मुलांना तर मुळीच देऊ नका. आधीच घेतलं असेल तर उरलेली पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा.

• दवाखान्यातून मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्या मात्र बंद करू नका. त्या रक्त वाढवण्यासाठी आहेत. त्यांची मात्रा ठरलेली आणि तपासलेली असते. पण त्यांनी मलेरिया बरा होत नाही, हेही लक्षात ठेवा.

पुढच्या बैठकीत वसुली झाली की दहा मिनिटं या विषयाला द्या. कुणाच्या घरी अशी पुडी असेल तर तिला ओरडू नका. दुखणं अंगावर काढण्यापेक्षा काहीतरी करावं म्हणूनच तिने ती घेतलेली असते. दोघी-तिघी मिळून तिच्यासोबत दवाखान्यात जा.