पाण्याच्या पोटातला जाळ

महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय घरांच्या मागील दारी, न्हाणीघराच्या भिंतीला लागून तीन पायांवर उभा असलेला तांब्याचा बंब ही वस्तू एके काळी इतकी गृहीत धरली गेली होती, की तिच्या रचनेमागील विचाराकडे पाहण्याची आवश्यकता कोणास भासली नाही. चुलीची थोरवी सर्वांनी गायिली, शेगडीलाही आपापले चाहते लाभले. बंबाच्या वाट्याला मात्र रोज सकाळची घाई आली आणि दिवाळीच्या आदल्या दिवशी चिंच लावून घासले जाण्यापुरता सन्मान आला. वास्तविक घरगुती अग्नियंत्रांत इतके हिशेबी यंत्र दुसरे आढळणे कठीण आहे.

चुलीत अग्नी खाली आणि भांडे वर, असा सनातन क्रम असतो. त्यामुळे ज्वाळेचा मोठा भाग भांड्याच्या कडेने निसटून जातो आणि भिंत, छप्पर व स्वयंपाक करणारी व्यक्ती यांनाच तापवितो. बंब करणाऱ्याने हा क्रम मोडला. पाण्याच्या पिंपाच्या ऐन मध्यातून त्याने एक उभी नळी नेली, नळीच्या तळाशी जाळी बसविली, खाली राखेसाठी जागा ठेवली, आणि जाळ त्या नळीत कोंडला. म्हणजे अग्नीला चारी बाजूंनी पाण्याचाच वेढा पडला आणि उष्णतेला बाहेर जाण्याचा मार्ग मुख्यतः पाण्यातूनच उरला. रशियातील व काश्मिरातील सामोवार याच तत्त्वावर चालतो. १८२९ साली स्टीफन्सन पितापुत्रांच्या ‘रॉकेट’ इंजिनाच्या बाष्पकातून एका नळीऐवजी अनेक नळ्या नेल्या होत्या, हाच काय तो फरक. १८५३ साली बोरीबंदराहून ठाण्यास निघालेल्या आगगाडीची इंजिनेही याच कुळातली. आपल्या परसात आगगाडीचा एक स्थावर भाऊबंद धूर काढीत उभा आहे, हे स्नानाला निघालेल्या गृहस्थाच्या ध्यानी क्वचितच येत असे.

बंबांत दोन घराणी आहेत. एकाला खाली तोटी असते. ती फिरवावी आणि पाणी घ्यावे. दुसऱ्याचा कारभार अधिक चतुर आहे: नरसाळ्यातून ओतलेले गार पाणी तळाशी जाते आणि तेवढेच कढत पाणी वरच्या तोंडातून बादलीत उतरते, जणू जमा केल्यावाचून खर्च करावयाचा नाही असा दफ्तराचा दंडकच. मला हे दुसरे घराणे अधिक आवडते, कारण त्यात बंब रिकामा राहण्याचा संभव फारसा नाही, आणि रिकामेपणासारखा बंबाचा दुसरा वैरी नाही. पाणी आहे तोवर नळीच्या तांब्याचे तापमान पाण्याच्या उत्कलनबिंदूच्या फारसे वर चढत नाही. पाणी संपले की तेच तांबे भराभर तापू लागते. तांबे स्वतः १०८५ अंश सेल्सिअसपर्यंत तग धरील, परंतु कथील २३२ अंशांनाच वितळते, आणि कथलाने जोडलेला सांधा मग उघडा पडतो. म्हणून आधी पाणी, मग काडी, हा क्रम जुन्या घरांत लहान मुलांनाही पाठ असे.

पुण्यात या वस्तूचे माहेर म्हणजे कसबा पेठेतील तांबट आळी. पेशवाईत नावारूपास आलेल्या या आळीतून जाताना ठोक्यांचा असा कल्लोळ कानी पडे, की दोन माणसांनी बोलायचे तर हातवाऱ्यांचाच आश्रय घ्यावा. त्या ठोक्यांना प्रयोजन आहे. तांब्याचा पत्रा भट्टीत लाल करून निवविला की मऊ पडतो आणि ठोकला की कठीण होतो. मऊ असताना त्याला आकार द्यायचा, कठीण झाला की पुन्हा तापवायचा, आणि सरतेशेवटी अंगभर एकसारखे ठोके देऊन त्याला ताठपणा आणायचा, यालाच मठारणे म्हणतात. बंबाच्या अंगावर उन्हात चमकणाऱ्या त्या खळग्यांना पाहुणे नक्षी समजतात. तांबटाच्या दृष्टीने ती बळकटी असते आणि नक्षी ही तिची वरकड प्राप्ती.

आता पेटविण्याविषयी. नारळाची किशी किंवा कागदाचा बोळा जाळीवर, त्यावर करवंटीचे तुकडे, त्यावर बोटाएवढ्या ढलप्या, आणि जाळ धरल्यावर मगच बाभळीची जाड फाटी, असा दस्तूर आहे. नवखा माणूस नळी तोंडापर्यंत ठासून भरतो आणि मग फुंकणी घेऊन डोळे लाल करून बसतो. त्याला लाकडाची चिंता असते, वाऱ्याची नसते. आणि बंबाचे सारे रहस्य वाऱ्यात आहे. नळीतील तप्त वायू हलके होऊन वर धावतात आणि जाळीखालून ताजी हवा ओढून घेतात. हा ओघ एकदा सुरू झाला की नळी घुमू लागते आणि फुंकणीचे काम संपते. ओघ मंदावला तर आणखी सरपण घालणे हा उपाय नव्हे. लोखंडी सळईने जाळी हलवून राख पाडणे हा उपाय होय. ओले लाकूड घातले तर जाळाची पुष्कळ शक्ती त्या लाकडातील पाणी आटविण्यात खर्ची पडते, धूर दाट होतो, आणि नळीच्या आतून काजळीचा असा थर चढतो की उष्णता पाण्यापर्यंत पोहोचण्यास कुचराई करू लागते. विहिरीचे पाणी जड असेल तर बाहेरच्या अंगाने क्षार चढतात. मग बंब दोन्हीकडून नाडला जातो.

पाणी किती तापले हे पाहण्यास झाकण उघडावे लागत नाही. प्रथम बंब मुका असतो. मग बारीक सूं सूं ऐकू येते, ती वाढत जाते, कारण नळीलगत उठणारे वाफेचे बुडबुडे वरच्या गार पाण्यात शिरताच फुटून विरतात. आणि पाणी सर्वत्र सारखे तापले की तो आवाज एकाएकी खाली बसून खदखद सुरू होते. स्नानाला सूं सूंच पुरे. पुढचे सरपण ही शुद्ध उधळपट्टी.

सरपणाचा जमाखर्चही मांडून पाहण्यासारखा आहे. वीस लिटर पाणी वीस अंशांवरून साठ अंशांवर न्यायला ८०० किलोकॅलरी उष्णता लागते. वाळलेले लाकूड किलोमागे सुमारे ३५०० देते. निम्मी उष्णता धुराड्यातून गेली असे धरले तरी अर्ध्या किलोच्या आत काम होते. तीन दगडांच्या चुलीवर दहा-पंधरा टक्केच उष्णता पदरात पडते असे मानले, तर त्याच पाण्याला दीड ते सव्वादोन किलो सरपण लागेल. शिवाय करवंट्या, शेंगांची टरफले, सुतारकामातील चोया, असा जो ऐवज चुलीत नीट जळत नाही, तो बंब बिनतक्रार स्वीकारतो.

विजेच्या आणि गॅसच्या हीटरांनी बंबाचा अंमल संपविला, याबद्दल गळा काढण्याचे कारण नाही. पहाटे उठून धुरात डोळे चोळणाऱ्या घरच्या बायकांना विचारल्यास त्या या सत्तांतराचे स्वागतच करतील. मला खटकते ते निराळे. मोडीत निघालेले बंब उपाहारगृहांच्या दर्शनी दालनांत लखलखीत करून मांडतात, नळीत कृत्रिम फुले खोचतात आणि तोटी कायमची बंद करतात. त्यापेक्षा तांब्याच्या मोडीच्या भावाने विकला जाणारा बंब बरा. निदान त्याच्या तांब्याचे पुन्हा भांडे होते.

ज्यांच्याकडे अंगण आहे आणि बंब अजून चालू आहे, त्यांनी तो अंगणातच ठेवावा. पावसाळ्यात त्याला न्हाणीघरात आणून दार-खिडकी लावून घेणे हा प्रकार घातक आहे. अर्धवट जळालेल्या निखाऱ्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग असतो, ना वास; ज्वाळा आणि धूर दिसेनासे झाल्यावर, म्हणजे माणूस निर्धास्त होतो नेमक्या त्याच वेळी, निखाऱ्यांतून तो वायू निघत राहतो. अंगणात पत्र्याचे चार हातांचे छप्पर घालावे, बाजू उघड्या ठेवाव्यात, आणि सरपण त्याच छपराखाली रचावे, म्हणजे पावसातही करवंटी कोरडी मिळते.