मध्य ऑस्ट्रेलिया : चार वर्षांच्या एका प्रांताची हकीकत

नकाशावर रेघ ओढून मुलूख वाटणे सोपे आहे. त्या रेघेखालची जमीन कोणाची आणि तेथील पाण्यावर हक्क कोणाचा, हे ठरविणे मात्र कठीण आहे. ऑस्ट्रेलिया खंडाच्या मध्यभागी घडलेली पुढील हकीकत जमीनधारक वाचकांनी मनन करण्यासारखी आहे.

त्या खंडातील नॉर्दर्न टेरिटरी हा मुलूख १ जानेवारी १९११ रोजी दक्षिण ऑस्ट्रेलियाकडून मध्यवर्ती सरकारकडे आला. त्याचा विस्तार सुमारे साडेतेरा लक्ष चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या चौपटीहून अधिक आहे. एवढ्या प्रदेशाचा कारभार सुधारावा म्हणून पंतप्रधान ब्रूस यांच्या सरकारने १९२६ साली कायदा केला, व १९२७ साली त्याचे दोन प्रांत झाले. हद्द ठरली ती २० अंश दक्षिण अक्षवृत्ताची. उत्तरेकडील प्रांताचे ठाणे डार्विन, आणि दक्षिणेकडील ‘मध्य ऑस्ट्रेलिया’ प्रांताचे ठाणे स्टुअर्ट, म्हणजे आजचे ॲलिस स्प्रिंग्ज.

महसूल खात्यात आमची हयात गेली. तेथे हद्द कायम करण्यापूर्वी लगतच्या खातेदारांस नोटीस देऊन बांधावर बोलावण्याची वहिवाट आहे. या अक्षवृत्ताच्या दोन्ही अंगांस वार्लपिरी लोकांची वडिलोपार्जित भूमी पसरली होती. त्यांस कोणी विचारले नाही. त्यांच्या हद्दी दगडांनी नव्हे, तर झिरे, टेकड्या व पवित्र स्थळे यांनी ठरत. कोणत्या स्थळाची राखण कोणत्या कुळाकडे, हे त्यांस मुखोद्गत असे.

पुढे अवर्षण पडले. गोऱ्या पशुपालकांची गुरे व मूळ रहिवासी एकाच पाण्यावर येऊ लागले. ऑगस्ट १९२८ मध्ये कॉनिस्टन भागातील एका झिऱ्याजवळ फ्रेड ब्रुक्स नामक गोऱ्याचा खून झाला. त्यावर कॉन्स्टेबल जॉर्ज मरे याच्या टोळ्यांनी कित्येक आठवडे माणसे मारली. सरकारी आकडा ३१. इतिहासकारांच्या मते मृतांची संख्या याहून पुष्कळ अधिक होती. चौकशी मंडळात प्रांताचे मुख्याधिकारी कॉवूड हे स्वतःच बसले होते, आणि १९२९ च्या आरंभी मंडळाने गोळीबार समर्थनीय ठरविला. ज्याच्या अंमलाखाली कृत्य घडले त्यानेच न्याय करावा, यापरता विपरीत प्रकार कोणता?

१९३१ साली दोन्ही प्रांत पुन्हा एक करण्यात आले, आणि ती रेघ नकाशावरून पुसली गेली. प्रांत गेला; भूमीवरील जुना संबंध मात्र गेला नाही. १९७६ साली मूळ रहिवाशांच्या भूमिहक्कांचा कायदा झाला. त्याखालील दाव्यात वार्लपिरी लोकांनी आपली स्थळे, पाणवठे व वंशपरंपरा यांचा पुरावा तोंडी दिला, आणि १९७८ साली भूमी आयुक्त न्यायमूर्ती टूही यांनी तो ग्राह्य मानला. कॉनिस्टनच्या हत्यांबद्दल तेथील पोलीस आयुक्तांनी २०१८ साली, म्हणजे नव्वद वर्षांनी, क्षमा मागितली.

दप्तरातील नोंद हा जमिनीचा पुरावा खरा, परंतु तो एकमेव पुरावा नव्हे. ज्यांची वहिवाट पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे त्यांची साक्ष न घेता केलेली हद्द कायद्याने उभी राहते आणि कायद्यानेच नाहीशी होते. दरम्यान जी माणसे मेली ती मात्र परत येत नाहीत. म्हणून मोजणीची साखळी पसरण्यापूर्वी पाण्यावर कोण येतो हे आधी विचारावे.