हाताला गुण येतो तो वर्षानुवर्षांच्या मेहनतीने



पेरणीचे दिवस जवळ आले की आंजी (मोठी)च्या पानठेल्यावर एक वाक्य हमखास ऐकू येतं. गावातल्या एखाद्या कास्तकाराचं सोयाबीन दरवर्षी चांगलं उगवतं, तूर झाडभर लदलदते. त्याचा विषय निघाला की बाकीचे म्हणतात, "त्याच्या हातालेच गुण आहे, साहेब. आपल्या हाताले नाही." झालं, विषय तिथंच संपतो. एकदा गुण म्हटलं की पुढे विचारायला काही उरत नाही. देवानं त्याला दिला, आपल्याला नाही दिला!

आज मला याच वाक्याबद्दल तुमच्याशी बोलायचं आहे. त्यासाठी आधी शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात जाऊन येऊ.

नागभीड तालुक्यात नांदेड नावाचं लहानसं गाव आहे. मराठवाड्यातलं नांदेड नव्हे, धानपट्ट्यातलं. तिथे दादाजी रामाजी खोब्रागडे नावाचे कास्तकार होते. शिक्षण तिसरीपर्यंत आणि जमिनीचा तुकडा दीड एकराचा. १९८३ साली त्यांनी पटेल-३ हे धान लावलं होतं. बांधीतून फिरताना त्यांना तीन लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्यांच्यावर पिवळसर झाक होती. तुम्हीआम्ही काय केलं असतं? भेसळ म्हणून सोडून दिलं असतं, नाहीतर सगळ्यांबरोबर कापून मोकळे झालो असतो. दादाजींनी त्या लोंब्या वेगळ्या काढल्या आणि त्यांचं बी प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलं.

पुढच्या हंगामात त्यांनी ते बी शेताच्या मधोमध लावलं. जंगलालगतचा भाग, जनावरांचा त्रास. म्हणून भोवती काटेरी झुडपांचं कुंपण केलं. आलेलं बी पुन्हा वेगळं ठेवलं, पुन्हा लावलं, पुन्हा निवडलं. धानाला वर्षाचा एकच हंगाम, म्हणजे एक चूक झाली की अख्खं वर्ष गेलं. असं करत १९८८ पर्यंत हे धान इतर वाणांपेक्षा जास्त उतारा देतं अशी त्यांची खात्री पटली. १९९० च्या सुमारास गावातल्या एका मोठ्या कास्तकारानं ते बी लावलं आणि माल बाजारात नेला. व्यापाऱ्यानं वाणाचं नाव विचारलं. नाव तर ठेवलेलंच नव्हतं! तेव्हा एचएमटीचं घड्याळ सगळ्यांच्या हातात दिसे. तेच नाव धानाला पडलं. आज दुकानात आपण जो बारीक एचएमटी तांदूळ मागतो, त्याची सुरुवात अशी त्या तीन लोंब्यांपासून झाली.

आता सांगा, यात गुण कुठे आला? वेगळी लोंबी दिसणं हा नशिबाचा भाग म्हणा. धान स्वतःच्याच परागावर फळतं, त्यामुळे एखाद्या झाडात आलेला बदल पुढच्या पिढ्यांत टिकवता येतो. अशा वेगळ्या लोंब्या कितीतरी बांध्यांत येत असतील. दिसणं एका सकाळचं काम होतं. त्यामागे लागून राहणं हे सात वर्षांचं काम होतं. दादाजी पहिल्या वाणावर थांबलेही नाहीत. नांदेड हिरा, विजय नांदेड, डीआरके असे आणखी वाण त्यांनी त्याच पद्धतीनं निवडून काढले. एखाद्याला नशिबानं एक वाण सापडेल, पण एकामागून एक सापडत गेले तर त्याला सवयच म्हणावं लागेल.

मग आम्ही मेहनत करत नाही काय?

इथं कोणीतरी मला अडवणार, आणि अडवलंच पाहिजे. "साहेब, मेहनत तर आमीबी करतो. पहाटेपासून वावरात असतो. मग आमच्या घरी का नाही येत?" प्रश्न खरा आहे. पाऊस दगा देतो, बोंडअळी येते, भाव पडतो. कापसाच्या कास्तकाराला नुसतं "मेहनत कर" म्हणणं म्हणजे जखमेवर मीठ चोळणं आहे. मी ते म्हणणार नाही. आपल्या जिल्ह्यात कमी राबणारा कास्तकार मला दाखवा!

पण राबण्याचेही दोन प्रकार आहेत. दरवर्षी तेच काम नव्यानं करणं हा एक प्रकार. यंदा काय दिसलं ते ध्यानात ठेवून पुढच्या वर्षी तेच काम थोडं सुधारून करणं हा दुसरा. पहिल्यात घाम तेवढाच जातो, पण वीस वर्षं शेती केली तरी अनुभव एकाच वर्षाचा राहतो. दुसऱ्यात दरवर्षी पदरात काहीतरी जमा होतं. ज्याच्या "हाताला गुण आहे" असं आपण म्हणतो, त्याच्या घरी एकदा जाऊन बघा. त्यानं बी कुठून निवडलं, कसं वाळवलं, कुठं ठेवलं हे तो तुम्हाला सांगेल. गुण त्या सांगण्यात आहे.

आपल्या वावरात काय करता येईल?

बीटी कपाशीचं संकरित बी घरी राखून उपयोग नाही, पुढच्या पिढीत ते फुटतं. पण सोयाबीन, हरभरा, गहू ही पिकं धानासारखीच स्वतःच्या परागावर फळणारी आहेत. त्यांचं सरळ वाणाचं बी घरी राखता येतं. सोयाबीनपासून सुरुवात करा.

वावरातला चांगला, निचऱ्याचा एक तुकडा बियाण्यासाठी ठरवा. दुसरं वाण तिथून निदान तीन मीटर लांब असू द्या. फुलोऱ्यात एकदा आणि कापणीआधी एकदा तासातासानं फिरून वेगळ्या रंगाच्या फुलाची, वेगळ्या उंचीची झाडं उपटून टाका. वेगळं झाड फारच चांगलं दिसलं, तर दादाजींसारखं त्याचं बी वेगळ्या पिशवीत ठेवा. मळणी करताना यंत्राची गती कमी ठेवा, कारण सोयाबीनचं टरफल पातळ असतं आणि मारानं बी आतून फुटतं. वाळवून पोती ओलीपासून दूर ठेवा आणि एकावर एक फार रचू नका.

पेरणीआधी शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात दहा-दहाच्या ओळीत ठेवा, गुंडाळा आणि पाणी शिंपत राहा. सहा-सात दिवसांनी उघडून चांगले कोंब मोजा. सत्तर किंवा जास्त आले तर नेहमीच्या प्रमाणात पेरा. कमी आले तर त्या मानानं बियाणं वाढवा. फारच कमी आले तर ते बी पेरू नका. या कामाला पैसा लागत नाही. पण "उगवलंच नाही" म्हणून दुबार पेरणीची पाळी आली की किती पैसा जातो, हे तुम्हाला मी सांगायला नको.

आणि एक वही करा. तारीख, पाऊस, कोणतं बी, किती उगवलं, किती पिकलं. रोज दोन ओळी पुरेत. आपल्याला कंटाळा आला तर लेकरांकडून लिहून घ्या.

वहीचा आणखी एक उपयोग

दादाजींची गोष्ट सगळी गोड नाही. डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठानं १९९८ मध्ये पीकेव्ही-एचएमटी हा वाण आणला. मूळ वाण आपला आहे, हे सांगत दादाजींना वर्षानुवर्षं झगडावं लागलं. २००५ मध्ये राष्ट्रपती अब्दुल कलाम यांच्या हस्ते त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, नाव देशभर झालं. तरी घरची गरिबी हटली नाही. ३ जून २०१८ रोजी ते गेले. लाखो ताटांत त्यांचा भात वाढला जात होता आणि त्यांच्या घरी पैशाची चणचणच होती.

हे मी लपवत नाही. मेहनतीनं वाण तयार होतो, पीक सुधारतं, पण भाव आणि श्रेय आपोआप चालत येत नाहीत. आता २००१ चा पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा आहे. त्यानुसार कास्तकाराला स्वतःचं बी राखता येतं, देता-घेता येतं आणि स्वतः काढलेल्या वाणाची नोंदणीही करता येते. पण त्यासाठी सांगावं लागतं, की वाण कुठून आला, कसा निवडला. तिथं वही कामी येते. तुमच्या वावरात असं काही वेगळं आढळलं तर सेलसुऱ्याच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवा, नाहीतर आपल्या सहायक कृषी अधिकाऱ्याला सांगा.

तेव्हा येत्या हंगामात धुऱ्यावर उभं राहून वावर बघू नका, तासात उतरून बघा. एक तुकडा, एक पिशवी, एक वही. पहिल्या वर्षी फरक दिसणार नाही, दुसऱ्या वर्षीही कदाचित नाही. पण सोडू नका. पाच-सहा हंगामांनी पानठेल्यावर तुमचाच विषय निघेल आणि कोणीतरी म्हणेल, "त्याच्या हातालेच गुण आहे!" तेव्हा त्याला घरी बोलवा, चहा पाजा आणि ती वही दाखवा.