मॅकिंटॉश : एक डगला आणि एक आडनांव

आपल्याकडे वस्त्रप्रावरणांवरून पडलेलीं आडनांवें थोडीं नाहींत. मराठ्यांच्या इतिहासाचे व्यासंगी संशोधक सेतुमाधवराव पगडी (१९१०-१९९४) यांच्या आडनांवांतच पगडी आहे. आणि टोप्यांच्या व्यापारावरून टोपीवाले झालेल्या घराण्याचें नांव मालवणच्या हायस्कुलास लागलेलें कोंकणांतील वाचकांस ठाऊकच असेल. अशा ठिकाणीं वस्त्र आधीं व आडनांव मागून. ह्याच्या उलट प्रकार, म्हणजे आडनांव जुनें आणि त्यावरून वस्त्राला नांव मिळालेलें, हा विरळा. इंग्रजींत त्याचें एक ठळक उदाहरण आहे, आणि त्या आडनांवाचे दोन पुरुष आपल्या मुंबई-पुण्याशीं निकट संबंध ठेवून गेल्यामुळें त्याची हकीकत येथें देण्याजोगी वाटते. तें आडनांव मॅकिंटॉश.

इंग्रजींत पावसाळी डगल्यास मॅकिंटॉश म्हणतात. आपल्याकडे 'रेनकोट' हाच शब्द रूढ झाला. तथापि ज्यांच्या घरीं कोणी परिचारिका असेल, त्यांनीं रुग्णाच्या अंथरुणावर घालावयाच्या रबरी कापडास ती 'मॅकिंटॉश' म्हणते हें ऐकलें असेल. शब्द एकच. डगला व अंथरूण दोन्ही एकाच मनुष्याच्या कापडाचीं.

तो मनुष्य चार्ल्स मॅकिंटॉश. त्याचा जन्म २९ डिसेंबर १७६६ रोजीं स्कॉटलंडांतील ग्लासगो शहरीं झाला. बापाचा धंदा रंगांचा. दगडफुलाच्या जातीच्या वनस्पति अमोनियांत मुरवून त्यांपासून जांभळा रंग काढण्याचा त्यांचा कारखाना होता. ह्या अमोनियासाठीं चार्ल्सनें ग्लासगोच्या गॅस-कारखान्यांतील टाकाऊ डांबर विकत घेण्याचा करार केला. डांबर तापवून त्याची वाफ निववली असतां नॅप्था नांवाचें भराभर उडून जाणारें तेल मिळतें. अमोनिया तर उपयोगीं पडला. ह्या तेलाचें करावयाचें काय, हा प्रश्न उरला.

रबर तेव्हां युरोपांत अपरिचित नव्हतें. दक्षिण अमेरिकेंतील मूळचे रहिवासी झाडाचा ताजा चीक कापडास चोपडून तें पावसांत वापरीत. परंतु तो चीक जहाजानें युरोपांत पोंचेपर्यंत थिजून त्याचा गोळा होई, आणि तो गोळा पुन्हां पातळ करील असें द्रव्य सांपडत नव्हतें. टर्पेंटाईननें तो विरघळे, पण कापड चिकट राही. नॅप्थ्याचा गुण असा कीं, त्यांत रबर विरघळतें, आणि नंतर नॅप्था उडून जाऊन रबराचा पातळ थर तेवढा मागें राहतो. चार्ल्सची खरी युक्ति मात्र ह्यापुढची आहे. रबर कापडाच्या वर लावलें तर तें अंगास आणि बाकास चिकटणार. म्हणून त्यानें पोळीच्या आंत पुरण असावें तसें तें दोन कापडांच्या मध्यें घातलें. १८२३ सालीं त्यानें ह्या कृतीचें पेटंट घेतलें व पुढच्याच वर्षीं मँचेस्टर येथें कारखाना उभारला.

नॅप्थ्याचा हा गुण त्याच्या आधीं, १८१८ सालीं, एडिंबरो येथील जेम्स साइम नांवाच्या एका वैद्यकीच्या विद्यार्थ्यानें शोधून काढला होता. साइमनें त्यावर निबंध लिहिला, पण पेटंट घेतलें नाहीं. पुढें तो मोठा शस्त्रवैद्य झाला. शस्त्रक्रिया जंतुरहित करणारे सुप्रसिद्ध लिस्टर हे त्याचे जांवई. पावसाळी डगल्यास कोणी 'साइम' म्हणत नाहीं ह्याचें त्यास फारसें दुःख झालें असेल असें वाटत नाहीं.

आरंभीं ह्या डगल्याची फजिती पुष्कळ झाली. थंडींत तो पुठ्ठ्यासारखा ताठ होई, उन्हांत चिकट होई, आणि त्याचा दर्प तर असा कीं शेजारीं बसणारा उठून जाई. शिंपी तो शिवीत तेव्हां सुईच्या प्रत्येक भोंकांतून पाणी आंत शिरे. ह्या रोगावर औषध सांपडलें तें रबरांत गंधक मिसळून तें तापविण्याचें. अमेरिकेंत चार्ल्स गुडइयर यास १८३९ सालीं हा शोध लागला, आणि इंग्लंडांत मॅकिंटॉशचाच भागीदार थॉमस हँकॉक यानें १८४३ च्या नोव्हेंबरांत त्याचें पेटंट घेतलें. चार्ल्स मॅकिंटॉश त्याच वर्षीं २५ जुलै रोजीं मृत्यु पावला होता. आपलें कापड निर्दोष झालेलें पाहावयास त्यास चार महिने कमी पडले.

आतां नांवाची गंमत पाहा. ह्या गृहस्थाच्या आडनांवाच्या इंग्रजी स्पेलिंगांत 'सी' आहे, पण 'के' नाहीं. लोकांनीं मात्र डगल्याच्या नांवांत 'सी'पुढें एक 'के' घुसडला आणि कोशांतही तोच स्थिर झाला. म्हणजे ज्याच्यावरून वस्तूला नांव मिळालें, त्याचें नांव त्या वस्तूवर नीट लिहिलेलें नाहीं! ह्याची भरपाई दीडशेंहून अधिक वर्षांनीं भलत्याच ठिकाणीं झाली. कॅनडांत जॉन मॅकिंटॉश नांवाच्या शेतकऱ्याच्या मळ्यांत सफरचंदाची एक जात सांपडली होती. तिचें स्पेलिंग तिसरेंच. १९८४ सालीं ॲपल कंपनीनें ह्या सफरचंदावरून आपल्या संगणकास नांव दिलें, परंतु त्या स्पेलिंगाची दुसरी एक कंपनी असल्यामुळें अक्षरें बदललीं, आणि बदलून जें झालें तें बरोबर आमच्या डगलेवाल्याचें स्पेलिंग. त्याच्याशीं संगणकाचा संबंध काडीचाही नाहीं. ग्लासगोचा प्रख्यात वास्तुशिल्पी चार्ल्स रेनी मॅकिंटॉश (१८६८-१९२८) यानें तर मूळचें स्पेलिंग सोडून 'के' घेतला. हॅलिफॅक्सचा जॉन मॅकिंटॉश, ज्यानें व ज्याच्या पत्नीनें १८९० सालीं लहानशा दुकानांत टॉफी विकावयास आरंभ केला, तोही 'के'वालाच. आमच्या बालवाचकांस ह्या सर्वांत तोच अधिक पूज्य वाटेल. त्यास आमचा इलाज नाहीं.

स्पेलिंगें कितीही असोत, मूळ शब्द एक. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागांतील गेलिक भाषेंत 'मॅक' म्हणजे पुत्र, आणि पुढील भागाचा अर्थ अग्रणी किंवा प्रमुख. आपल्या भाषेंत सांगावयाचें तर 'नाईकाचा पुत्र'. इनव्हर्नेस शहराच्या आसपास ह्या कुळाची वसति, आणि मॉय येथें कुळप्रमुखाचा वाडा.

ह्या वाड्यांतील एक स्त्री पुरुषांपेक्षां अधिक प्रसिद्ध आहे. इकडे साताऱ्यास शाहू महाराज राज्य करीत होते त्या काळीं, म्हणजे १७४५ सालीं, पदच्युत स्टुअर्ट घराण्याचा राजपुत्र चार्ल्स यानें स्कॉटलंडांत उठाव केला. कुळप्रमुख स्वतः सरकारी सैन्यांत अधिकारी. पण त्याच्या तरुण पत्नीनें, ॲन हिनें, राजपुत्रासाठीं कुळांतील माणसें जमा केलीं. लोक तिला 'कर्नल ॲन' म्हणूं लागले. १७४६ च्या फेब्रुवारींत राजपुत्र मॉयच्या वाड्यांत उतरला असतां त्यास पकडण्यासाठीं सुमारें १,५०० सरकारी शिपाई रात्रीं निघाले. वाटेवर पहाऱ्यास डोनाल्ड फ्रेझर नांवाचा एक लोहार व त्याचे चार सोबती एवढेच होते. त्यांनीं अंधारांत बंदुका उडवून निरनिराळ्या कुळांच्या आरोळ्या अशा ठोकल्या कीं, सारी फौजच समोर आहे असें वाटून शिपाई मागें पळाले. उठाव एप्रिलांत कलोडनच्या रणांगणावर चिरडला गेला व ॲनला कांहीं आठवडे कैदेंत राहावें लागलें.

ह्याच मुलखांत, लॉक नेस सरोवराच्या कांठीं, १७६५ सालीं जेम्स मॅकिंटॉश याचा जन्म झाला. डगल्यामुळें चार्ल्सचें नांव सर्वतोमुखीं झालें हें खरें. पण मुंबईकरांनीं एकच मॅकिंटॉश लक्षांत ठेवावयाचा झाला तर तो हा जेम्स, असें आमचें मत आहे.

तो आधीं वैद्यक शिकला, मग वकील झाला. फ्रान्सच्या राज्यक्रांतीचा कैवार घेणारें त्याचें पुस्तक १७९१ सालीं गाजलें. पुढें संसाराची ओढाताण होऊं लागली तेव्हां त्यानें मुंबईच्या रेकॉर्डरची, म्हणजे येथील न्यायाधीशाची, जागा पत्करली, आणि मे १८०४ मध्यें सर जेम्स मॅकिंटॉश मुंबईस उतरला. येथें त्याचें मन रमलें नाहीं. उकाड्यानें तो बेजार झाला, प्रकृति ढासळली, आणि मनांत योजिलेले मोठमोठे ग्रंथ मनांतच राहिले. तरी येथें येऊन सहा महिने होतात न होतात तोंच, २६ नोव्हेंबर १८०४ रोजीं, परळ येथें त्यानें कांहीं विद्याव्यासंगी मंडळी जमवून 'लिटररी सोसायटी ऑफ बॉम्बे' ही संस्था स्थापिली व तिचें अध्यक्षपद स्वीकारलें. हिंदुस्थानांतील भाषांचा तौलनिक शब्दसंग्रह करावा ही सूचनाही त्यानें तेथें मांडली. मुंबईच्या टाऊन हॉलच्या विस्तीर्ण पायऱ्या चढून गेल्यावर जी एशियाटिक सोसायटी व तिचें ग्रंथालय लागतें, तें ह्याच रोपाचें झाड. आरंभीं बरींच वर्षें तेथें हिंदी मनुष्यास सभासद होतां येत नसे, हेंही सांगितलें पाहिजे.

परंतु ह्याहून मोठी गोष्ट त्याच्या न्यायासनावर घडली. त्या काळीं इंग्लंडांत दोनशेंहून अधिक अपराधांस फांशीची शिक्षा होती. दुकानांतून पांच शिलिंगांचा माल उचलणाऱ्यासही ती होऊं शके. जुलै १८११ मध्यें, मुंबई सोडण्यापूर्वीं, मॅकिंटॉशनें ग्रँड ज्यूरीपुढें भाषण केलें. तो बोलला तें थोडक्यांत असें: मी मे १८०४ मध्यें आल्यापासून ह्या न्यायालयानें एकाही माणसास फांशी दिलेलें नाहीं. ह्या न्यायालयाच्या अधिकारांत दोन लक्ष माणसें आहेत. पूर्वीं, १७५६ पासून १७६३ पर्यंतच्या सात वर्षांत, वस्ती ह्याहून कमी असतां ४७ जणांस फांशी देण्यांत आलें होतें. आतां फांशी थांबली, म्हणून गुन्हे वाढले काय? तर नाहीं.

हा कांहीं कोरडा तर्क नव्हता. एका शहराचा सात वर्षांचा हिशेब होता. मायदेशीं गेल्यावर तो पार्लमेंटांत निवडून आला, आणि मार्च १८१९ मध्यें फांशीच्या कायद्यांची चौकशी करणारी समिति नेमावी असा ठराव त्यानें सरकारच्या विरोधास न जुमानतां १९ मतांच्या आधिक्यानें पसार करून घेतला. पुढील वर्षांत एकामागून एक अपराध फांशीच्या यादींतून गळत गेले. सर जेम्स १८३२ सालीं वारला. त्याचा इंग्लंडचा इतिहास अपुरा राहिला व त्याचे मित्रही त्यास आळशी म्हणत. असेना, मुंबईच्या सात वर्षांत त्यानें जें केलें नाहीं, त्याचेंच मोल मोठें आहे.

दुसरा मॅकिंटॉश पुण्याकडचा. कॅप्टन अलेक्झांडर मॅकिंटॉश हा मद्रास पलटणींतील अधिकारी. पुरंदरच्या मुलखांत इंग्रजांविरुद्ध उठलेल्या उमाजी नाईकास धरण्याच्या मोहिमेवर त्याची नेमणूक झाली होती. उमाजी अखेर सांपडला व ३ फेब्रुवारी १८३२ रोजीं पुणें येथें फांशीं गेला. नाईकाच्या मागावर आलेला हा 'नाईकपुत्र' पुढच्याच वर्षीं रामोशी लोकांची हकीकत लिहून मोकळा झाला. तें पुस्तक मुंबईस अमेरिकन मिशन छापखान्यांत छापलें गेलें व त्यांत उमाजीचें चरित्रही आहे. शत्रुपक्षाच्या लेखणीचें तें लिखाण, तें सावधपणें वाचलें पाहिजे. तरीही उमाजीविषयीं लिहूं पाहणाऱ्यास त्यास वळसा घालून जातां येत नाहीं.

शेवटचा मॅकिंटॉश बिहारांतला. एनियस मॅकिंटॉश १८७९ सालीं तिरहुत येथें जन्मला. बाप निळीचा मळेवाला. मुलगा खलाशी झाला व अर्नेस्ट शॅकल्टनबरोबर दक्षिण ध्रुवाकडे गेला. त्या सफरींत जहाजावरील एका आंकड्याचा तडाखा बसून त्याचा उजवा डोळा गेला. तरी १९१४ सालीं तो पुन्हां निघाला. शॅकल्टन एका किनाऱ्याकडून बर्फाचें खंड ओलांडणार, आणि मॅकिंटॉशच्या तुकडीनें समोरच्या किनाऱ्याकडून आंत जाऊन त्याच्या वाटेवर अन्नाचे सांठे ठेवावयाचे, असा बेत होता. ह्या तुकडीचें जहाज वादळानें वाहून गेलें व दहा माणसें किनाऱ्यावर अडकलीं. त्यांनीं तरीही जानेवारी १९१६ पर्यंत सगळे सांठे ठरल्या जागीं पोंचविले. परततांना त्यांतील पाद्री स्पेन्सर-स्मिथ वारला. ८ मे १९१६ रोजीं एनियस व त्याचा सोबती हेवर्ड हे दोघे गोठलेल्या समुद्रावरून मुख्य तळाकडे चालत निघाले. थोड्याच वेळांत हिमवादळ सुटलें आणि त्यांचीं प्रेतेंही कधीं मिळालीं नाहींत. ज्याच्यासाठीं हे सांठे ठेविले, त्या शॅकल्टनचें जहाज नोव्हेंबर १९१५ मध्येंच बर्फानें चिरडून बुडालें होतें. तो त्या वाटेनें आलाच नाहीं.