जुन्या चिपचा कंपायलर
भोर-वेल्ह्यातल्या घरांच्या डिजिटल वीजमीटरमध्येही छोटा प्रोसेसर असतो. त्याला सी ही प्रोग्रामिंग भाषा कळत नाही, कळतात ते फक्त त्याच्या जातीचे आदेश. सीमधल्या प्रोग्रामचं या आदेशांत रूपांतर कंपायलर करतो, आणि प्रोसेसरची प्रत्येक जात त्याला वेगळी शिकवावी लागते. उदाहरणार्थ, सीआर१६ या चिपमध्ये बेरजेचं उत्तर मूळ दोन आकड्यांपैकी एकाच्याच जागी लिहिलं जातं. तो आकडा पुढे लागणार असेल, तर आधी त्याची प्रत काढावी लागते. पुण्याच्या केपीआयटी या कंपनीतल्या अभियंत्यांनी असे बारकावे कंपायलरसाठी चिकाटीने लिहून काढले. २०१२ साली जीसीसी या कंपायलरच्या ४.७ आवृत्तीत सीआर१६ दाखल झाली. नंतरच्या आवृत्त्यांतून ती वगळली गेली, पण ४.७ चा कोड आजही खुला आहे. संगणक शिकणाऱ्या मुलांनी तो जरूर वाचावा.