कांद्याची वखार आणि मध्यवर्ती बँक

इस्तंबूल : महागाई कोणामुळे झाली, याचा तपास तुर्कस्तानात गेली काही वर्षे अखंड चालू आहे आणि दरवेळी आरोपी नवा असतो. 2018 च्या अखेरीस तो कांद्याचा व्यापारी होता. अंकाराजवळच्या पोलातलीत वखारींवर तपासणी पथके धडकली. भाव साठेबाजांनी चढवले, असे सरकारचे म्हणणे. (लासलगावच्या वाचकाला पुढचे सांगायला नको.) 2019 च्या पालिका निवडणुकांआधी चौकाचौकांत सरकारी तंबू लागले आणि स्वस्त भाजीसाठी लोक रांगा लावू लागले. राष्ट्राध्यक्ष एर्दोआन म्हणाले, या टंचाईच्या नाहीत, समृद्धीच्या रांगा आहेत. 2021 मध्ये पाच सुपरमार्केट साखळ्यांवर जबर दंड बसला. मग पाळी आली घरमालकांची. जून 2022 पासून दोन वर्षे भाडेवाढीला 25 टक्क्यांची मर्यादा होती. घरमालक-भाडेकरूंच्या खटल्यांनी कोर्टे भरून गेली.

व्यापारी साधुसंत नसतात, हे मान्य. पण त्याआधी बराच काळ इथली महागाई एक आकडी होती. तेव्हाचे व्यापारी काय कमी लोभी होते?

फरक पडला तो बँकेत. व्याज हे कारण आणि महागाई हा परिणाम, अशी एर्दोआन यांची जुनी श्रद्धा. अर्थशास्त्राची पुस्तके नेमके उलट सांगतात. मार्च 2021 मध्ये मध्यवर्ती बँकेचे गव्हर्नर नाजी आआबाल यांनी व्याजदर 19 टक्क्यांवर नेला आणि दोनच दिवसांत त्यांची गच्छंती झाली. सप्टेंबरपासून दर उतरू लागला. वर्षअखेरीस तो 14 टक्के होता. सप्टेंबरच्या सुरुवातीला साडेआठ लिरांच्या आत मिळणारा डॉलर 20 डिसेंबरला 18 लिरांपलीकडे गेला. तेल आणि गॅस बाहेरून आणणाऱ्या देशात लिरा घसरला की डिझेल महागते, खत महागते आणि मग पोलातलीचा कांदाही. ऑक्टोबर 2022 मध्ये महागाई सरकारी हिशेबाने 85 टक्के होती, तर 'एनाग' या स्वतंत्र अर्थतज्ज्ञांच्या गटाच्या हिशेबाने 185. आमच्या इमारतीतल्या बायकांना विचारले तर त्या दुसऱ्याच आकड्याला मान डोलावतात.

तरीही 2023 ची निवडणूक एर्दोआन यांनीच जिंकली. यात नवल वाटण्यासारखे फारसे नाही. स्वस्त कर्जावर ज्यांनी घर घेतले, त्यांचे कर्ज याच महागाईने हलके केले होते.

निवडणूक संपताच अर्थमंत्री म्हणून मेहमेत शिमशेक आले आणि मार्च 2024 पर्यंत व्याजदर 50 टक्क्यांवर गेला. जुनी श्रद्धा गुंडाळून ठेवली गेली, पण ती चुकली होती असे कोणी उघडपणे म्हणाले नाही. तपास मात्र थांबला नाही. 2024 मध्ये नजर पगारावर गेली. आधीची दोन वर्षे किमान वेतन वर्षातून दोनदा वाढत होते. 2024 च्या जुलैत, महागाई भडकू नये म्हणून, ती वाढ नाकारली गेली. त्या वर्षाची सरकारी महागाई 44 टक्के निघाली आणि पुढच्या वर्षासाठी किमान वेतन वाढले 30 टक्के.