मुकुट एका वर्षाचा: रीटा फारिया आणि आपले गैरसमज

मिल्टन कीन्समधली किती तरी मराठी कुटुंबं सुट्टीत युस्टनची गाडी पकडून मुलांना 'द लायन किंग' दाखवायला लंडनला जातात. १९९९ पासून हा प्रयोग वेस्ट एंडच्या लायसियम थिएटरात चालू आहे. मुलं वर रंगमंचाकडे बघत असतात, आईवडील तिकिटाच्या किमतीचा विचार करत असतात, आणि आपण कुठे बसलो आहोत याची फार थोड्यांना कल्पना असते. १७ नोव्हेंबर १९६६ च्या रात्री याच वास्तूत मुंबईची एक वैद्यकीय विद्यार्थिनी 'मिस वर्ल्ड' झाली. तेव्हा ते नाट्यगृह नव्हतं. मेक्का कंपनीचं नाचघर होतं, आणि या कंपनीतल्याच एरिक मॉर्ली यांनी १९५१ मध्ये ही स्पर्धा सुरू केली होती. आपलं मिल्टन कीन्स तर त्या रात्री जाहीरही झालं नव्हतं. नव्या शहराचा सरकारी आदेश निघाला तो दोन महिन्यांनी, २३ जानेवारी १९६७ रोजी.

त्या विद्यार्थिनीचं नाव रीटा फारिया. आज इथल्या मराठी घरांत वाढणाऱ्या एखाद्या मुलीनं सौंदर्यस्पर्धेचा विषय काढला की घरातली मोठी माणसं दोनच उत्तरं देतात. एक तर 'हे असलं आपल्यात नाही', नाही तर 'जिंकलीस तर आयुष्याचं सोनं होईल'. दोन्ही उत्तरं ऐकीव माहितीवर बेतलेली असतात. रीटा फारियांचं आयुष्य नीट समजून घेतलं, तर दोन्हींचा पाया ढासळतो. त्यासाठी आधी काही गैरसमज दूर करावे लागतील.

'भारताची पहिली मिस वर्ल्ड ऐश्वर्या राय'

१९९४ साली दूरदर्शन आणि नव्यानं आलेल्या केबलमुळे ऐश्वर्या राय यांचा विजय घराघरांत पोचला, म्हणून हा समज घट्ट बसला. रीटा फारिया त्याआधी २८ वर्षं जिंकल्या होत्या, आणि मिस वर्ल्ड होणाऱ्या त्या आशियातल्या पहिल्याच. ऐश्वर्यांनंतर डायना हेडन (१९९७), युक्ता मुखी (१९९९), प्रियांका चोप्रा (२०००) आणि मानुषी छिल्लर (२०१७) यांनी हा मुकुट मिळवला. सुष्मिता सेन यांचं नाव या यादीत घालणारेही भेटतात. त्यांचा १९९४ चा मुकुट मिस युनिव्हर्सचा, आणि ती स्पर्धा वेगळी. तिची सुरुवात १९५२ साली कॅलिफोर्नियात एका पोहण्याच्या पोशाखांच्या कंपनीनं केलेली. त्या पहिल्याच वर्षी भारताकडून नृत्यांगना इंद्राणी रहमान गेल्या होत्या.

'मोठ्या संस्थेचं पाठबळ आणि वर्षभराची तयारी असल्याशिवाय हे होत नाही'

आज ते बऱ्याच अंशी खरं असेल. १९६६ साली नव्हतं. रीटा भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकत होत्या. १८४५ साली सुरू झालेलं, जे. जे. रुग्णालयाला लागून असलेलं हे कॉलेज. उंची पाच फूट आठ इंच. आधी मिस बॉम्बे, मग 'ईव्ह्ज वीकली' या मुंबईतल्या स्त्रियांच्या साप्ताहिकाची मिस इंडिया, आणि तिथून थेट लंडन. इथे आणखी एक घोटाळा नेहमी होतो. त्यांना 'फेमिना'नं पाठवलं असं लिहिलं जातं. त्या वर्षी 'फेमिना'च्या विजेत्या होत्या यास्मिन दाजी. त्या मिस युनिव्हर्सला गेल्या आणि तिथे चौथ्या आल्या. एकाच वर्षी दोन नियतकालिकांच्या दोन मिस इंडिया, दोन वेगळ्या वाटांनी परदेशी गेलेल्या. आज एकाच मोठ्या ब्रँडची सवय झालेल्या आपल्याला हे चित्र लवकर उमगत नाही.

आणि तयारी? त्या लंडनला निघाल्या तेव्हा त्यांच्या सामानात स्वतःचं फार थोडं होतं. साडी मैत्रिणीकडून मागून आणलेली. पोहण्याचा पोशाख १९६५ च्या मिस इंडिया पर्सिस खंबाटा यांचा. हातात पैसे तीन पौंड. तीनच का, हे कळायला तो काळ आठवावा लागतो. देशात परकीय चलनाचा खडखडाट होता. ६ जून १९६६ रोजी रुपयाचं अवमूल्यन झालं होतं, डॉलर ४ रुपये ७६ पैशांवरून साडेसात रुपयांवर गेला होता, आणि परदेशी निघालेल्या सामान्य भारतीयाला बरोबर नेण्याची मुभा होती ती एवढ्याच रकमेची. त्या काळात शिकायला किंवा नोकरीला इंग्लंडला आलेल्या कुठल्याही आजोबांना विचारा, तीन पौंडांची ही गोष्ट ते स्वतःची म्हणून सांगतील. रीटा फारिया त्याच पिढीच्या होत्या, एवढंच.

उसन्या कपड्यांत त्या ५१ जणींच्या स्पर्धेत उतरल्या. पोहण्याच्या पोशाखाचा आणि संध्याकाळच्या पोशाखाचा, असे दोन्ही मान त्यांना मिळाले. संध्याकाळचा पोशाख साडीच होता. आधीच्या वर्षीच्या विजेत्या लेस्ली लँगली यांनी त्यांना मुकुट घातला. लंडनमध्ये त्यांनी आपल्याला डॉक्टर व्हायचंय असं सांगितलं. का, असं विचारल्यावर भारताला स्त्रीरोगतज्ज्ञांची फार गरज आहे, असं उत्तर दिलं. तुमच्याकडे आधीच मुलं फार आहेत, असा टोमणा आला, तेव्हा तेच तर कमी करायचंय अशा अर्थाचं त्या बोलल्या, अशी आठवण पुढे वारंवार सांगितली गेली. मला या प्रसंगात त्यांची हजरजबाबी वृत्ती दिसते, पण त्याहून जास्त दिसतो तो त्यांचा अभ्यास. भारतातल्या बाळंतिणींचं काय होतं, हे जे. जे.च्या वॉर्डात उभं राहिलेल्या मुलीला पुस्तकातून शिकावं लागत नव्हतं.

'त्या गोव्याच्या, मुंबईच्या नव्हेत'

आईवडील गोव्याचे, जन्म आणि वाढ मुंबईत, माटुंग्याला. गोंयकार कुटुंबांनी मुंबईत शतकभर आधीपासून घरं केली होती. धोबी तलावाच्या आसपासच्या गोंयकारांच्या कुडी, म्हणजे गावकऱ्यांच्या एकत्र राहण्याच्या जागा, हा शहराच्या इतिहासाचाच भाग आहे. तेव्हा 'गोव्याच्या की मुंबईच्या' हा वाद घालण्यात मला अर्थ दिसत नाही. पण त्या वेळेला दोन्हीकडे अभिमान का उसळला असेल, ते समजतं. गोवा पोर्तुगिजांच्या ताब्यातून सुटून जेमतेम पाच वर्षं झाली होती, आणि रीटा जिंकल्या त्या नोव्हेंबरात गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा की वेगळा राहावा यावर रान पेटलं होतं. १६ जानेवारी १९६७ रोजी जनमत कौल झाला. विलीनीकरणाच्या बाजूनं १,३८,१७० आणि विरोधात १,७२,१९१ मतं पडली. अशा तापलेल्या दिवसांत गोंयकार आडनावाची एक मुंबईकर मुलगी दोन्ही प्रदेशांना सारखीच आपली वाटली असणार.

'मुकुट मिळाला की पुढे मजाच मजा'

सगळ्यांत मोठा गैरसमज हाच, आणि सगळ्यांत जास्त नुकसानही हाच करतो. मिस वर्ल्ड ही पदवी असली तरी प्रत्यक्षात ती एका वर्षाची नोकरी असते. करारावर सही होते. त्या वर्षात कुठे जायचं, कुणाच्या कार्यक्रमाला उभं राहायचं, कुणासोबत छायाचित्र काढायचं, हे मुख्यतः आयोजक ठरवतात. विजेतीला पगार, मान, प्रवास मिळतो, पण निर्णय तिच्या हातात राहत नाहीत.

रीटा फारियांना हे महिनाभरातच कळलं. डिसेंबर १९६६ मध्ये अमेरिकन विनोदवीर बॉब होप दर नाताळप्रमाणे व्हिएतनाममधल्या अमेरिकन सैनिकांचं मनोरंजन करायला निघाले, आणि त्या ताफ्यात मिस वर्ल्डही होत्या. भारतात नाराजीची लाट उठली. कारण साधं होतं. १९५४ च्या जिनिव्हा करारानंतर व्हिएतनामवर देखरेख करणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाचं अध्यक्षपद भारताकडे होतं, आणि आपलं परराष्ट्र धोरण अलिप्ततेचं. त्या देशाची मुलगी एका बाजूच्या सैनिकांसमोर उभी राहिलेली सरकारला परवडणारी नव्हती. वयाच्या विशीतल्या विद्यार्थिनीच्या अंगावर दोन देशांच्या राजकारणाचा भार पडला, आणि करारावरची सही तिची होती.

चार वर्षांनी याच बॉब होप यांना मिस वर्ल्डचा मंच पुन्हा आठवणीत राहील असा भेटला. २० नोव्हेंबर १९७० रोजी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये स्पर्धा चालू असताना स्त्रीमुक्ती चळवळीतल्या तरुणींनी पिठाचे बॉम्ब फेकून ती बंद पाडली. त्या वेळी सूत्रसंचालन करत होते होप. थोड्या वेळानं स्पर्धा पुन्हा सुरू झाली आणि ग्रेनाडाच्या जेनिफर होस्टन विजेत्या ठरल्या. त्या पहिल्या कृष्णवर्णीय मिस वर्ल्ड. आंदोलक म्हणत होत्या ते चुकीचं नव्हतं आणि होस्टन यांचा विजयही खोटा नव्हता. या दोन्ही गोष्टी एकाच रात्री खऱ्या होत्या, आणि सौंदर्यस्पर्धांबद्दल एका वाक्यात मत देणाऱ्यांनी त्या रात्रीचा जरूर विचार करावा.

'मुकुट म्हणजे सिनेमा, आणि सिनेमासाठी शिक्षण सुटतं'

वर्ष संपलं. रीटा फारियांकडे मॉडेलिंगचे आणि चित्रपटांचे प्रस्ताव होते. त्यांनी ते नाकारले आणि वैद्यकशास्त्राकडे परतल्या. पुढचं शिक्षण लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमध्ये झालं. डॉक्टर झालेल्या त्या पहिल्या मिस वर्ल्ड. त्यांना शिकवणाऱ्यांपैकी एक, डॉ. डेव्हिड पॉवेल, यांच्याशी १९७१ मध्ये त्यांचं लग्न झालं आणि १९७३ मध्ये दोघं आयर्लंडला, डब्लिनला गेले. तिथे त्यांनी वैद्यकीय व्यवसाय केला, दोन मुली वाढवल्या. स्पर्धेशी नातं पूर्ण तोडलं असंही नाही. पुढे मिस वर्ल्डच्या आणि १९९८ साली फेमिना मिस इंडियाच्या परीक्षक मंडळावर त्या होत्या. मुंबईहून लंडनला येऊन डॉक्टर होणाऱ्या स्त्रियांची परंपराही जुनी आहे. डॉ. रखमाबाई इथूनच १८९४ साली शिक्षण पूर्ण करून परतल्या होत्या. मिस वर्ल्डचा मुकुट हा रीटांच्या आयुष्यातला एक टप्पा होता, पण त्यांची वाट मुळात रखमाबाईंच्या मागची होती.

ऐश्वर्या राय यांचं उदाहरण याच्या उलट दिलं जातं, की मुकुटानं त्यांना तारका बनवलं. पण वास्तुकलेच्या विद्यार्थिनी असतानाच त्या मॉडेलिंग करत होत्या, १९९३ च्या पेप्सीच्या जाहिरातीनं ओळखल्या जात होत्या. १९९४ च्या मिस इंडियात तर त्या दुसऱ्या आल्या, पहिल्या सुष्मिता. त्यांची दिशा ठरलेली होती, मुकुटानं वेग दिला. रीटांचीही दिशा ठरलेली होती. ज्या मुलीची दिशा ठरलेली नसते, तिच्यासाठी ते एक वर्ष अवघड जातं.

'आपल्या मुलीला भाग घ्यायचा तर भारतात जावं लागेल'

इथे ब्रिटनमध्ये वाढणाऱ्या मुलींसाठी हा प्रश्न खरा आहे. भारतीय वंशाची मुलगी इंग्लंडकडून उतरू शकते, आणि उतरली आहे. भाषा मुखर्जी कोलकात्यात जन्मल्या, नऊ वर्षांच्या असताना कुटुंबाबरोबर इकडे आल्या, डर्बीत वाढल्या, नॉटिंगहॅममध्ये डॉक्टर झाल्या. ऑगस्ट २०१९ मध्ये त्या मिस इंग्लंड ठरल्या आणि लगेच लिंकनशरमधल्या बॉस्टनच्या पिलग्रिम हॉस्पिटलमध्ये कनिष्ठ डॉक्टर म्हणून रुजू झाल्या. मग मुकुटाच्या कामासाठी नोकरी बाजूला ठेवली. मार्च २०२० मध्ये त्या धर्मादाय कामासाठी भारतात होत्या. करोनाची साथ पसरताना सहकाऱ्यांचे निरोप येऊ लागले, तेव्हा त्या परतल्या आणि पुन्हा त्याच रुग्णालयात कामाला लागल्या. आपल्याकडे एनएचएसमध्ये काम करणारी मराठी घरं गल्लीगणिक आहेत. त्या आठवड्यांत रात्रपाळी म्हणजे काय होती, हे त्यांना वेगळं सांगायला नको.

तेव्हा मिल्टन कीन्सच्या एखाद्या मुलीनं घरी फॉर्म आणला तर रागावण्याआधी तो वाचा. मिस इंग्लंडची वाट मिस वर्ल्डकडे जाते. समाजमंडळं आणि खासगी कंपन्या ज्या 'मिस इंडिया यूके' छापाच्या स्पर्धा भरवतात, त्यातली प्रत्येक पुढे कुठे जाते असं नाही. नियम बदलत असतात. पोहण्याच्या पोशाखाची फेरी मिस वर्ल्डनं २०१५ पासून काढून टाकली. मिस युनिव्हर्सनं २०२३ पासून विवाहितांना आणि मातांना प्रवेश दिला, तर २०२४ पासून वयाची कमाल मर्यादाही उठवली. म्हणून ऐकीव नियमांवर विसंबू नका. प्रवेश शुल्क किती, प्रायोजक मुलीनंच आणायचा का, जिंकल्यावर वर्षभर किती दिवस द्यावे लागतील, छायाचित्रांचे हक्क कुणाकडे राहतील, आणि परीक्षा त्याच महिन्यात आली तर काय, हे पाच प्रश्न आयोजकांना लेखी विचारा आणि उत्तरंही लेखी मागा. आयोजक लेखी द्यायला तयार नसतील तर तो फॉर्म भरू नका.